कागदी शेअर बंद करून डिमॅट आणल्याने सामान्य गुंतवणूकदाराचे नेमके काय भले झाले?

आपण दोन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. वडिलांच्या पश्चात कपाटात जुनी शेअर प्रमाणपत्रे सापडली आहेत, त्यांचे काय करावे; आणि कागद रद्द करून सगळे संगणकावरच्या नोंदीत, म्हणजे डिमॅटमध्ये, नेण्याने सामान्य माणसाला काय मिळाले, कारण 'पूर्वी निदान कागद हातात तरी असायचा'. हे शेवटचे वाक्य नसते तर मी उत्तर लिहिण्याच्या भरीस पडलो नसतो. आमचे दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, गेली कित्येक वर्षे हेच वाक्य मला ऐकवत आले आहेत.

कागद हातात असला म्हणजे शेअर आपला झाला, हे कधीच खरे नव्हते. मालकी कंपनीच्या सभासद नोंदवहीत असते. खरेदीखत झाले तरी फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत माणसाचा जीव टांगणीला लागतो, तसाच हा प्रकार होता; फरक इतकाच की तलाठी तालुक्यात कुठेतरी गाठता येतो, आणि कंपनीचा शेअर विभाग मुंबईला, कोलकात्याला किंवा चेन्नईला असायचा. राज्यात शेअर बाजार दोनच शहरांत होते, मुंबईत आणि पुण्यात. मराठवाड्यातल्या माणसाला कागदाच्या प्रत्येक हेलपाट्यासाठी टपाल किंवा रात्रीची एसटी एवढाच मार्ग होता.

नव्वदच्या दशकात मी लातूरला गंजगोलाईजवळ एका उपदलालाच्या कार्यालयात कामाला होतो आणि हस्तांतरणाचे अर्ज, म्हणजे आम्ही ज्यांना टीडी म्हणत असू, ते भरणे हेच माझे मुख्य काम होते. विक्रेत्याने सही करून दिलेला कोरा टीडी प्रमाणपत्राला टाचून यायचा. त्यावर कंपनी निबंधकाचा तारखेचा शिक्का आहे की नाही आणि त्याची मुदत उलटली आहे का, ते आधी पाहायचे. मग फोलिओ क्रमांक, म्हणजे कंपनीच्या नोंदवहीतला सभासदाचा खाते क्रमांक, प्रमाणपत्र क्रमांक आणि शेअरचे अनुक्रमांक 'पासून-पर्यंत' असे खाडाखोड न करता उतरवायचे, खरेदीदाराची सही घ्यायची, मागच्या बाजूला शंभर रुपयांमागे पन्नास पैसे या हिशेबाने हस्तांतरणाची तिकिटे चिकटवायची आणि ती रेघा मारून रद्द करायची. तिकिटे कमी पडली तरी अर्ज परत, रद्द करायची राहिली तरी परत. माझे अक्षर चांगले होते आणि माझ्या हातून गेलेले अर्ज भरण्यातल्या चुकीसाठी सहसा परत येत नसत, हे मी आजही अभिमानाने सांगतो.

दाजींची मार्केट यार्डात आडत आहे. १९९४ साली एका अभियांत्रिकी कंपनीचे शंभर शेअर त्यांनी आमच्याच कार्यालयातून, स्वतःच्या आणि आक्काच्या संयुक्त नावाने घेतले. विक्रेते कोलकात्याचे, तेही दोघे. सगळे कागद रजिस्टर टपालाने कंपनीकडे रवाना झाले. कायद्याने कंपनीने दोन महिन्यांत नाव लावून प्रमाणपत्र परत द्यायला हवे होते. प्रत्यक्षात पावसाळा सुरू होऊन संपला, तेव्हा एक जाड पाकीट परत आले. आत आमचेच कागद आणि वर एक चक्रमुद्रित मेमो होता. त्यावर आक्षेपांची छापील यादी होती, आणि 'विक्रेत्याची सही नमुना सहीशी जुळत नाही' या ओळीपुढे निळ्या शाईची बरोबरची खूण. कोणत्या विक्रेत्याची सही, ते लिहिण्याची तसदी कोणी घेतली नव्हती.

मधल्या काळात कंपनीचे नोंदवही बंद ठेवण्याचे, म्हणजे त्या वेळी ज्याचे नाव असेल त्यालाच लाभ देण्याचे, दिवस येऊन गेले होते आणि कंपनीने एकास एक बोनस, म्हणजे एका शेअरमागे एक शेअर फुकट, दिला होता. नोंदवहीत नाव कोलकात्याच्या मंडळींचे, त्यामुळे बोनस आणि लाभांश दोन्ही त्यांच्या घरी गेले. आता कागद उलट्या दिशेने निघाले: आमच्याकडून मुंबईच्या दलालाकडे, त्याच्याकडून विकणाऱ्या दलालाकडे, तिथून त्याच्या कोलकात्याच्या माणसाकडे. विक्रेत्यांनी पत्ता बदलला होता. नवा टीडी, बँकेच्या व्यवस्थापकासमोर केलेल्या साक्षांकित सह्या, पुन्हा तिकिटे, पुन्हा टपाल. नाव लागले ते १९९६ साली. बोनसचे शेअर दलालांच्या साखळीतून कसेबसे वसूल झाले, लाभांशावर मात्र पाणी सोडावे लागले. दाजींना चांगला भाव आला होता तेव्हा विकता आले नाही, आणि त्याचा राग त्यांनी कोलकात्यावर किंवा कंपनीवर न काढता माझ्यावर काढला, कारण मी समोर होतो.

हा त्रास एकट्या लातूरचा किंवा भारताचा नव्हता. १९६८ साली न्यूयॉर्कचा शेअर बाजार कागदांच्या ढिगाऱ्यापायी कित्येक महिने बुधवारी बंद ठेवावा लागला होता. लंडनने टॉरस नावाची कागदाविना शेअर हस्तांतरणाची प्रणाली वर्षानुवर्षे पैसा ओतून मार्च १९९३ मध्ये गुंडाळली, आणि क्रेस्ट ही दुसरी प्रणाली तिथे १९९६ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे डिपॉझिटरींचा, म्हणजे शेअर संगणकीय नोंदीने सांभाळणाऱ्या संस्थांचा, कायदा १९९६ चाच आणि एनएसडीएल या पहिल्या डिपॉझिटरीचे कामही त्याच वर्षी नोव्हेंबरात सुरू झाले. सीडीएसएल ही दुसरी डिपॉझिटरी १९९९ मध्ये आली. १९९९ पासून किरकोळ गुंतवणूकदारांनाही निवडक कंपन्यांचे व्यवहार डिमॅटमध्येच करणे सक्तीचे झाले आणि ती यादी पुढे वाढत गेली. सही जुळण्याची भानगड, तिकिटे, बनावट प्रमाणपत्रे, पन्नास-शंभरच्या ठरावीक गठ्ठ्यापेक्षा, म्हणजे लॉटपेक्षा, कमी असलेले शेअर पडत्या भावात विकणे, हे सगळे एका फटक्यात गेले. आज उमरग्यातल्या माणसाच्या खात्यात शेअर सौद्यानंतर लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी जमा होतो, दलाल स्ट्रीटवरच्या माणसाच्याही त्याच दिवशी होतो. डिमॅट मुंबईकरांच्या सोयीसाठी आले असे दाजी म्हणतात. मुंबईकराला तर कागदाच्या काळातही चर्चगेटहून चालत जाऊन शेअर विभागाच्या खिडकीशी भांडता येत होते. आमच्या वाट्याला मेमो यायचा.

दाजींनी मात्र डिमॅट केले नाही. एवढ्या खस्ता खाऊन हाती आलेला कागद पुन्हा टपालात टाकणार नाही, हा त्यांचा हट्ट होता आणि मी कितीही समजावले तरी तो सुटला नाही. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचे हस्तांतरणच बंद झाले, तेव्हा ते प्रथम अस्वस्थ झाले. चौकशी केल्यावर कळले की घर बदलल्यामुळे लाभांशाची पत्रे जुन्या पत्त्यावर जात होती, सलग सात वर्षे लाभांश कोणी वटवला नव्हता, आणि त्यामुळे कायद्याप्रमाणे ते शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, म्हणजे आयईपीएफकडे, वर्ग झाले होते. प्रमाणपत्रे ट्रंकेत जशीच्या तशी, डागसुद्धा नाही, पण शेअर दुसऱ्याच्या खात्यात. त्यावर कडी म्हणजे वयोमानाने हात थरथरत असल्याने स्वतः दाजींचीच सही आता नमुन्याशी जुळत नाही. इतके होऊनही दिवाळीला गेलो की ते म्हणतातच, 'कागद तर माझ्याकडेच आहे ना!'

आता आपल्या प्रमाणपत्रांविषयी. प्रथम त्या कंपनीचे आजचे नाव आणि तिचा रजिस्ट्रार, म्हणजे तिच्या वतीने शेअरच्या नोंदी सांभाळणारी संस्था, शोधा, फोलिओ क्रमांक कळवून शेअर अजून वडिलांच्याच नावावर आहेत की आयईपीएफकडे गेले आहेत, हे लेखी विचारा. नावावर असतील तर मृत्यूनंतर ते वारसाच्या नावे करणे, म्हणजे संक्रमण, आजही होते, फक्त शेअर कागदावर परत मिळत नाहीत, डिमॅट खात्यातच येतात, तेव्हा खाते आधी उघडून ठेवा. एका कंपनीतील कागदी शेअरची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर वारसा प्रमाणपत्रासाठी न्यायालयात जावे लागत नाही, हमीपत्रे आणि इतर वारसांची ना-हरकत यांवर भागते. त्यासाठीचे आयएसआर नावाच्या मालिकेतील अर्ज रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावर मिळतात. आयईपीएफकडे गेले असतील तर आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरून कागदपत्रे कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, पाठवावी लागतात. कपाटात दुसऱ्याने सही केलेला, कधीच न पाठवलेला टीडी निघाला तर प्रकरण अवघड आहे. २०१९ पूर्वी पाठवून परत आलेल्या टीडींसाठी सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियंत्रक संस्थेने, जुलै २०२५ मध्ये सहा महिन्यांची मुदत उघडली होती, तशी एखादी संधी सध्या चालू आहे का ते रजिस्ट्रारलाच विचारा.

डिमॅटमध्ये सगळे आलबेल आहे असे मात्र समजू नका. ग्राहकांनी दिलेल्या मुखत्यारपत्राचा गैरवापर करून दलालांनी त्यांचे शेअर गहाण टाकल्याचे प्रकार घडले आहेत, म्हणून सरसकट मुखत्यारपत्र देऊ नये आणि डिपॉझिटरीकडून थेट येणारे विवरणपत्र वाचावे. वार्षिक शुल्काची तक्रार दाजीही करतात, पण चार लाखांपर्यंतचे शेअर असलेल्या मूलभूत सेवा खात्याला, म्हणजे लहान गुंतवणूकदारांच्या साध्या डिमॅट खात्याला, सप्टेंबर २०२४ पासून ते शुल्कच नाही. खाते उघडतानाच नामनिर्देशन करा आणि मोबाइल क्रमांक स्वतःचाच द्या, दुकानातल्या मुनीमाचा नको.