चौथं नाव आठवलं नाही म्हणून

"माझा मुलगा पाचवीत आहे. घरात त्याचं तोंड बंद नसतं. १२ जानेवारीच्या भाषण स्पर्धेसाठी मी त्याला चार हुतात्म्यांवर दोन पानी भाषण लिहून दिलं, महिनाभर पाठ करून घेतलं. स्टेजवर त्याने तीन नावं घेतली आणि चौथ्याला अडकला. मी पहिल्या रांगेतून ओठ हलवून सांगत होते, तरी जमेना. पोरं हसली, हा रडत खाली आला. आता भाषण म्हटलं की पोटात दुखतंय म्हणतो. मिस्टर म्हणतात, 'मी सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत एवढ्या गर्दीत नंदीध्वजाची उंच काठी पेलतो, अन् माझा पोरगा शंभर पोरांना भितो की!' शाळेत २७ फेब्रुवारीला मराठी दिनाचा कार्यक्रम आहे. त्याला पाठवू की नको?"
– एक आई, अशोक चौक, सोलापूर

ताई,

आधी पोटदुखीचं. ते नाटक नाही. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनालिन सुटतं, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, आणि रक्त पोटाकडून हातापायांकडे वळतं. गोळा येतो तो खरोखरचा. मात्र सुटीच्या दिवशीही दुखत असेल, तर भाषणाचं निमित्त बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

आता थोडं तुमच्याबद्दल, रागावू नका. दोन पानं तुम्ही लिहिलीत. सुरुवात 'उपस्थित मान्यवर, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' अशीच असणार, आणि शेवट 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो'. दहा वर्षांचं कुठलं पोर असं बोलतं? पाठ केलेलं भाषण साखळीसारखं असतं. एक कडी निसटली की पुढची हाताला लागत नाही, कारण ती कुठे होती हे पोराला मुळात माहीतच नसतं. मला वाटतं, त्याला शंभर पोरांची भीती नव्हतीच. आईचं वाक्य चुकेल, याची होती. त्यात समोर तुमचे ओठ हलताना दिसले. मी सहावीत असताना कविता म्हणताना अडकले, तेव्हा आमच्या बाई खालून उघड्या वहीवर बोट फिरवून ओळ दाखवत होत्या. ती कविता कधीच विसरून गेले, ते बोट अजून आठवतंय.

म्हणून ती दोन पानं बाजूला ठेवा. एखाद्या संध्याकाळी त्याला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी घेऊन जा. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि ते निसटलेले चौथे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिलं, एवढं सांगा आणि गप्प बसा. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवायचे, हे त्याने विचारलं तरच सांगा. मग तोच विचारेल, पेपरात काय छापायचे, भीती नाही वाटली का त्यांना. घरी आल्यावर हे सगळं आजीला त्याच्या शब्दांत सांगू दे. आजीला जरा कमी ऐकू येत असेल तर उत्तमच, आपोआप मोठ्याने बोलेल. मध्येच एखादं साल चुकलं तर दुरुस्त करू नका.

नंतर शाळा. बाईंना भेटून फक्त परिपाठातला सुविचार मागून घ्या. हातात कागद धरून, दोन मित्रांच्या मध्ये उभं राहून, एक वाक्य. पुढच्या आठवड्यात दिनविशेष. मग वर्गात, बाकाजवळ उभं राहून दोन मिनिटं गोष्ट. एका पायरीवर पोट दुखायचं थांबलं की पुढची. भीती टाळली की वाढते, हळूहळू सवय झाली की ओसरते. २७ तारखेपर्यंत तो दिनविशेषापर्यंतच पोचला, तर त्या दिवशी प्रेक्षकांत बसेल. काही बिघडत नाही.

हे मिस्टरांना पटवायचं असेल, तर त्यांनाच विचारा: पहिल्याच वर्षी बाराबंदीचा पोशाख घालून थेट यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला नंदीध्वज उचललात का? आधी कित्येक दिवस रात्री रस्त्यावर सराव चालतो, तोल गेला की सावरायला बाजूला माणसं असतात. त्या काठीच्या बाबतीत जे त्यांना कळतं, ते पोराच्या बाबतीत कळायला जड जाऊ नये. जमलं तर त्यांनी स्वतःची फजितीच पोराला सांगावी, पहिल्यांदा तोल गेला तेव्हाची. तुमच्या समजावण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

स्टेजमागे करायला त्याला एक युक्ती शिकवा. श्वास नाकाने घ्यायचा आणि तोंडाने हळू सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. चार-पाच वेळा पुरे. पहिलं वाक्य मात्र पक्कं पाठ हवं, तेवढंच. आणि अडकलास तर 'थांबा, आठवतो' म्हणून पाणी प्यायचं, हेही घरी करून बघा. घरी हसत हसत अडकलेलं पोर तिथे कमी घाबरतं. 'घाबरू नकोस' हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करा. त्याने भीती जात नाही, लपवावी लागते.

एक गोष्ट नीट पाहा. तो वर्गातही बोलेनासा झाला असेल, बाईंनी विचारलं तरी गप्प, आणि हे महिनाभर टिकलं असेल, तर हा भाषणाचा प्रश्न राहिला नाही. मग बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. कुणाला विचारावं कळत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, फुकट.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण स्पर्धेचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला असेल, असा मला दाट संशय आहे. टाकला असेल तर आजच काढा, आणि काढल्याचं त्याला सांगा.

तो कधी का होईना स्टेजवर चढेल, तेव्हा तुम्ही शेवटच्या रांगेत बसा, शक्यतो खांबाआड. घरी आल्यावर भाषणाचं तो काढेपर्यंत काढू नका. आधी भाकरी आणि शेंगा चटणी वाढा.