एका फुंकरीत सगळं कळतं का?

प्रश्न : डॉक्टर, मागच्या रविवारी आमच्या सोसायटीत आरोग्य शिबिर झालं. नळीत फुंकायला लावलं आणि दोन मिनिटांत छापील कागद हातात. ह्यांच्या कागदावर 'लिव्हर : लक्ष द्या, किडनी : मध्यम, शुगर : नियंत्रणात' असं आहे. ह्यांना १२ वर्षं मधुमेह आहे. आता म्हणतात, बोट टोचणं बंद, फुंकून भागतंय. श्वासावरून खरंच एवढं कळतं का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, आधी त्यांना बोट टोचायला लावा, मग पुढचं वाचा.

श्वासातून आजार कळतो, हे खोटं नाही. मी हाउसमन असताना ठाण्यात एका रात्री तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पोटदुखी आणि उलट्या म्हणून आणलं होतं. तपासायला वाकलो तर नाकात वास शिरला, उतरलेल्या फळांचा, थोडा नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा. तो अ‍ॅसिटोन. इन्शुलिन अपुरं पडलं की शरीर चरबी जाळायला घेतं, त्यातून तो तयार होतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. रक्ताचा रिपोर्ट यायच्या आत सिस्टरनं सलाईन टांगून ठेवलं होतं. तिचं नाक माझ्यापेक्षा तयार! पण कडक उपास केलेल्या ठणठणीत माणसाच्या श्वासातही अ‍ॅसिटोन वाढतो. त्यावरून रोजची साखर ठरवायला गेलात तर फसाल.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९७१ मध्ये श्वासात अडीचशेच्या आसपास पदार्थ असल्याचं दाखवलं. तेव्हापासून शोध चालूच आहे. घोडं अडतं ते प्रमाणापाशी. यातले बरेचसे पदार्थ अब्जात काही भाग, कधी त्याहूनही कमी असतात. शिवाय आत घेतलेली हवाच बाहेर येते. शिबिराच्या हॉलमध्ये सॅनिटायझरचा वास, कोपऱ्यात वडापाव, उघड्या खिडकीतून रबाळे एमआयडीसीची हवा. यातलं तुमच्या ह्यांचं किती आणि हॉलचं किती, हे कोण वेगळं काढणार?

ज्या श्वास-तपासण्या खरोखर वापरात आहेत, त्या एका वेळी एकच प्रश्न विचारतात. पोटातल्या हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणी मी स्वतः करून घेतली आहे. उपाशीपोटी एका पिशवीत फुंकायचं, मग खास कार्बन (१३ वजनाचा) असलेला युरिया पाण्यातून प्यायचा, अर्धा तास बसायचं, पुन्हा फुंकायचं. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि तोच खुणेचा कार्बन श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडतो. पहिल्या खेपेला मला परत पाठवलं होतं, कारण आम्लपित्ताची गोळी चालू होती. ती दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी थांबवावी लागते. डॉक्टर असून विसरलो! दम्यासाठी श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजतात. मोठ्या माणसात अब्जात ५० भागांच्या वर गेला तर श्वासनलिकेत अ‍ॅलर्जीची सूज असण्याची आणि इनहेलरमधल्या स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता जास्त. दूध पचतं का हे पाहायला हायड्रोजन मोजतात.

लिव्हर, किडनी फार बिघडली की श्वासाला वास येतो, हेही खरं. पण तोवर उशीर झालेला असतो. आता तो कागद पुन्हा काढा. कोणता वायू मोजला, किती भरला, कुठल्या मापात, यातलं काही आहे का? 'मध्यम' हे माप माझ्या तरी ऐकिवात नाही.

एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) दर तीन महिन्यांनी, किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन वर्षातून एकदा, एवढं चुकवू नका. 'लिव्हर : लक्ष द्या'ची भीती वाटत असेल तर त्याच रक्तात एसजीपीटी ही लिव्हरची तपासणी करून घ्या. आणि कधी त्यांच्या तोंडाला तो उतरलेल्या फळांचा वास आला, सोबत उलट्या किंवा धाप असेल, तर मला पत्र लिहीत बसू नका. रिक्षा पकडून थेट हॉस्पिटल गाठा.