जुन्या पुस्तकातून गेम ग्राफिक्स शिकावं का?

प्रश्न : मी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेम आणि मल्टिमीडियासाठी ग्राफिक्स प्रोग्रॅमिंग शिकवणारं एक जाडजूड पुस्तक ग्रंथालयात मिळालं. ते डायरेक्टएक्स ९ वर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एका जुन्या ग्राफिक्स लायब्ररीवर आहे. दोन महिन्यांत अडीचशे पानं वाचली, खुणा केल्या. पण त्यातला पहिलाच प्रोग्रॅम कंपाइल होत नाही, ‘डी३डीएक्स९.एच’ ही फाइल सापडत नाही, असा एरर येतो. आणि पुस्तक मिटलं की माझी मला एक ओळ सुचत नाही. मित्र म्हणतात, पुस्तक ठेवून दे, तयार इंजिन (गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर) घे. बाबांच्या मते गेम हे करिअरच नव्हे. मी पुस्तक सोडून देऊ का?

उत्तर : पुस्तक सोडू नकोस. वाचणं मात्र आजपासून थांबव. अडीचशे पानं ओळीनं वाचून गेलास, हीच खरी अडचण आहे. पोहण्यावरची अडीचशे पानं वाचली असतीस, तर पाण्यात उतरल्यावर काय झालं असतं, ते तुला सांगायला नको.

आधी त्या एररचं बघू, कारण त्यात तुझी काहीही चूक नाही. ती फाइल डायरेक्टएक्सच्या जुन्या स्वतंत्र एसडीकेबरोबर (प्रोग्रॅमरला लागणाऱ्या फाइलींच्या संचाबरोबर) यायची. त्या एसडीकेची शेवटची आवृत्ती जून २०१० मधली. त्यानंतर डायरेक्टएक्स विंडोजच्या एसडीकेतच आलं आणि हे मदतीचं लायब्ररी प्रकरण तिथं घेतलंच नाही. म्हणजे लेखकानं गृहीत धरलेलं घरच आता जागेवर नाही. अशा पुस्तकातला कोड जसाच्या तसा चालवायला जुनी आवृत्ती शोधत बसण्यात एखादा आठवडा सहज जातो आणि शेवटी हाती येतं ते जुनं इन्स्टॉलेशन. तो आठवडा वाचव.

आता हातात पेन्सिल घे आणि अनुक्रमणिका उघड. डिव्हाइस कसं तयार करायचं, कुठल्या फंक्शनला कुठले आकडे द्यायचे, ‘प्रकाश चालू कर, धुकं चालू कर’ असे खटके कसे दाबायचे, या प्रकरणांवर फुली मार. ते खटके डायरेक्ट३डी (डायरेक्टएक्सचा थ्रीडी चित्रांचा भाग) १० मध्ये काढूनच टाकले. ओपनजीएल या दुसऱ्या ग्राफिक्स लायब्ररीनंही २००९ च्या ३.१ आवृत्तीत तेच केलं. आता प्रत्येक पिक्सेलचा रंग काढायचं काम तू स्वतः शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहून करतोस. पुढे डायरेक्टएक्स १२ आणि २०१६ साली आलेलं व्हल्कन या नव्या ग्राफिक्स लायब्ररींनी मेमरीचा आणि वेळेच्या ताळमेळाचा हिशेबही प्रोग्रॅमरच्याच गळ्यात घातला. थोडक्यात, पुस्तकातला हा भाग शिळा झाला आहे.

पण सदिश (व्हेक्टर), मॅट्रिक्स, कॅमेरा, प्रोजेक्शन (थ्रीडी दृश्य सपाट स्क्रीनवर उतरवणं), प्रकाशाचं गणित, दोन वस्तूंची टक्कर ओळखणं या प्रकरणांवर फुली मारू नकोस, ती तुझी आहेत. क्वाटर्नियन, म्हणजे वस्तू फिरवायचं गणित करणारे चार-चार आकड्यांचे गट, गणितज्ञ हॅमिल्टननं १८४३ मध्ये मांडले, तेव्हा संगणक नव्हता. आज गेममधल्या पात्राची मान त्यांनीच वळते. पुढची वस्तू मागचीला झाकते की नाही हे ठरवणारा झेड-बफर एडविन कॅटमुलच्या १९७४ च्या प्रबंधातला. तुझ्या ग्राफिक्स कार्डात तो आजही रोज राबतो आहे. असं पुस्तक वीस वर्षं जुनं असलं, तरी या प्रकरणांचं फारसं काही बिघडत नाही.

‘पण सुचत नाही त्याचं काय?’ असं विचारशील. त्यासाठी एक काम देतो. कुठलीही ग्राफिक्स लायब्ररी न वापरता, तुला येणाऱ्या कोणत्याही भाषेत, फक्त पिक्सेलचे आकडे फाइलमध्ये लिहून एक रंगीत त्रिकोण काढ. पीपीएम नावाचा इमेजचा प्रकार इतका साधा आहे की सुरुवातीला ‘P3’ ही खूण, मग रुंदी, उंची, रंगाचा कमाल आकडा आणि रंगांचे आकडे लिहिले की चित्र तयार.

मी एकदा कागदावर करून दाखवतो. तीन बिंदू घे: अ (१००, १००), ब (३००, १००), क (२००, ३००). आता (२००, १५०) हा पिक्सेल त्रिकोणाच्या आत आहे का? डोळ्यांना दिसतं, पण मशीनला डोळे नाहीत. म्हणून प्रत्येक बाजूसाठी एक छोटा गुणाकार करायचा: बाजूचा क्षितिजसमांतर फरक गुणिले पिक्सेलचा उभा फरक, वजा बाजूचा उभा फरक गुणिले पिक्सेलचा क्षितिजसमांतर फरक. पिक्सेलचे फरक बाजू जिथून सुरू होते त्या बिंदूपासून मोजायचे. अ ते ब या बाजूसाठी २०० × ५० वजा ० × १००, म्हणजे १०,०००. ब ते क साठी १५,०००, आणि क ते अ साठीही १५,०००. तिन्ही अधिक, म्हणजे पिक्सेल आत. एखादा उणे आला असता तर बाहेर.

खरी गंमत पुढे आहे. या तिघांची बेरीज ४०,०००, म्हणजे त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या नेमकी दुप्पट. प्रत्येक आकड्याला ४०,००० नं भाग: ०.२५, ०.३७५, ०.३७५. हे झालं कोपऱ्यांचं वजन. अ ते ब वरून आलेलं ०.२५ समोरच्या कोपऱ्याचं, म्हणजे क चं. बाकीचे दोन अ आणि ब चे. अ लाल, ब हिरवा आणि क निळा ठेवलास, तर त्या पिक्सेलचा रंग म्हणजे ३७.५ टक्के लाल, ३७.५ टक्के हिरवा आणि २५ टक्के निळा. असंच पानभर करत गेलास की त्रिकोणात रंग एकमेकांत मिसळत जाताना दिसतात. रंगाच्या जागी कापडाची नक्षी घेतलीस की टेक्स्चर झालं, खोली, म्हणजे कॅमेऱ्यापासूनचं अंतर, घेतलीस की झेड-बफर झाला. (पर्स्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे दूरचं लहान दिसतं तेव्हा, टेक्स्चरसाठी आणखी एक भागाकार लागतो. तो विसरलास की चौकटीची फरशी वाकडीतिकडी दिसते. मुद्दाम एकदा विसरून बघच.)

बिंदूंचा क्रम अ, क, ब असा उलटा दिलास, तर तिन्ही आकडे उणे येतात. हे सांगतो त्याला कारण आहे. मी या क्षेत्रात नवा असताना एकदा दोन दिवस काळा स्क्रीन बघत बसलो होतो. कोड बरोबर, ड्रायव्हर बरोबर, सगळं बरोबर. शेवटी कळलं की बिंदू उलट क्रमानं दिले होते, आणि डायरेक्ट३डी तो त्रिकोण पाठमोरा समजून गुपचूप गाळत होतं. हा गुणाकार मी आधी एकदा हातानं केला असता, तर दोन दिवसांची दहा मिनिटं झाली असती. ग्राफिक्समध्ये चूक झाली की बहुतेक वेळा एरर येत नाही, नुसता अंधार येतो. त्या अंधारात चाचपडता येणं हीच निम्मी नोकरी आहे. रेंडरडॉक हे फुकट मिळणारं साधन आत्ताच शिकून घे. एका फ्रेममध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या एका चित्रात, काय काय घडलं, ते त्यात पायरीपायरीनं उघडून बघता येतं.

त्रिकोण झाला की पुस्तकातला पुढचा प्रोग्रॅम घे, पण नवीन लायब्ररीत स्वतः उतरवून काढ. ओपनजीएल ३.३ पासून सुरुवात कर, व्हल्कनपासून नको. तिथं पहिल्याच त्रिकोणासाठी शेकडो ओळी लिहाव्या लागतात आणि उत्साहाचं दिवाळं निघतं. हे उतरवणं म्हणजे नुसती नावं बदलणं नव्हे. तुझ्या पुस्तकात खोलीचा आकडा ० ते १ मध्ये असेल, ओपनजीएलमध्ये तो मुळात −१ ते १ असतो. पुस्तकात सदिश मॅट्रिक्सच्या डाव्या बाजूला लिहिला असेल, इकडे बहुतेक ठिकाणी तो उजव्या बाजूला भेटेल. म्हणजे गुणाकाराचा क्रम उलटेल, आणि स्वतःभोवती फिरायला हवी ती वस्तू जगाभोवती घिरट्या घालायला लागेल. असं झालं की ते प्रकरण पुन्हा वाच. दुसऱ्या वाचनात ते पहिल्यांदा कळेल.

मल्टिमीडियाची प्रकरणं तू चाळून पुढे गेला असशील, असा माझा अंदाज आहे. बहुतेक मुलं जातात. परत फिर. गेमला सेकंदाला ६० फ्रेम द्यायच्या, म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला ४४,१०० नमुने लागतात, म्हणजे एका फ्रेमच्या वेळात ७३५. एखादी फ्रेम उशिरा आली तर डोळा चालवून घेतो. आवाजाचे नमुने वेळेवर पोचले नाहीत तर ‘टक्’ असा आवाज येतो आणि कान ते माफ करत नाही. म्हणून आवाजाचं काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे बाकीच्या कामासाठी न थांबता, चालतं. व्हिडिओचंही बघ. १९२० × १०८० च्या एका फ्रेमला, पिक्सेलमागे तीन बाइट धरले, तर ६२ लाखांहून जास्त बाइट लागतात. सेकंदाला अशा ३० फ्रेम म्हणजे साडेअठरा कोटींच्या वर. व्हिडिओ आटवून लहान करणारा कोडेक का लागतो, हे या एका गुणाकारात कळतं.

तयार इंजिनाबद्दल तुझे मित्र निम्मे बरोबर आहेत. युनिटी, अनरियल किंवा गोडो यांपैकी एकात एक छोटा गेम पूर्ण कर, आणि पूर्ण म्हणजे मेन्यूपासून शेवटच्या स्क्रीनपर्यंत. गेम कंपन्यांतलं बरंच काम इंजिनावरच चालतं. पण इंजिनात फ्रेम अडखळायला लागली की बटणं संपतात आणि पुस्तकातलं गणित सुरू होतं. गोडोचा सोर्स कोड खुला आहे. कॅमेऱ्याचं प्रकरण वाचून झालं की तिथला कॅमेरा उघडून बघ.

बाबांची शंका मी उडवून लावणार नाही. निव्वळ ग्राफिक्स प्रोग्रॅमरच्या जागा कुठल्याही टीममध्ये थोड्याच असतात, आणि त्या सहसा नवख्याला मिळत नाहीत. गेमप्ले प्रोग्रॅमर, म्हणजे खेळाचे नियम आणि हालचाली लिहिणारा, याच्या जागा जास्त. टूल्स प्रोग्रॅमर, म्हणजे कलाकारांना रोज लागणारी साधनं बनवणारा, याच्याकडे विद्यार्थ्यांचं लक्षच जात नाही. मला विचारशील तर आत शिरायला ते दार सगळ्यात बरं. शिवाय हेच गणित वैद्यकीय स्कॅनची चित्रं, इंजिनिअरिंगची कॅड सॉफ्टवेअर, व्हिडिओ एडिटिंग, वैमानिकांचे सिम्युलेटर आणि चित्रपटातले व्हिज्युअल इफेक्ट्स यांनाही लागतं. गेम कंपनीनं घेतलं नाही म्हणून शिकलेलं वाया गेलं, असं इथं होत नाही. बाबांना हे सांग, पण पदवीचे विषय मागे टाकून सांगू नकोस. डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑपरेटिंग सिस्टिम या दोन विषयांत तुझे मार्क कमी असतील, तर बाबांची काळजी मलाही पटते.

मुलाखतीत तुझं पुस्तक कुणी विचारणार नाही. ‘डॉट प्रॉडक्टवरून शत्रू पाठीमागे आहे हे कसं ओळखशील?’ हे विचारतील. पात्राची समोरची दिशा आणि शत्रूकडे जाणारा सदिश यांचा अदिश गुणाकार, म्हणजेच डॉट प्रॉडक्ट, उणे आला, की शत्रू पाठीमागे. हे पाठ करून सांगणारा पुढच्याच प्रश्नाला अडकतो: ‘आणि डावीकडे की उजवीकडे?’ त्याचं उत्तर मी देत नाही. वर केलेल्या बाजूच्या गुणाकारात ते आहे.

येत्या पंधरा दिवसांत त्रिकोणाची फाइल तयार झाली, तर पुढच्या पत्राबरोबर पाठव. आणि अ, क, ब या क्रमानं काढलेलीही सोबत जोड.