अंगणात सूर्यघड्याळ मांडताना

सूर्यघड्याळ करायला घेतलंस, बरं केलंस. फक्त बाजारातली शोभेची पितळी तबकडी आणू नकोस. माझ्या पहिल्या तबकडीचा काटा पन्नासेक अंशांत उभा होता. युरोपात ठीक, रत्नागिरीत काय कामाचा? आपला अक्षांश 17, म्हणून काटाही आडव्यापासून 17 अंशच उचललेला हवा, रोख ध्रुवताऱ्याकडे. रात्री ताडून बघ, माडाची झावळं आड आली नाहीत तर.

काटा लोखंडाचा नको, खारी हवा खाऊन टाकते. जांभ्यावर बारीक रेघ उमटत नाही. शहाबादी फरशी घे.

आता खरी गोम. भिंतीवरच्या घड्याळाशी जुळत नाही म्हणून काटा हलवत बसू नकोस. भारतीय प्रमाणवेळ 82.5 रेखांशाची, आपण 73.3 वर; अंशाला 4 मिनिटं, म्हणजे आपली मध्यान्ह सरासरी 37 मिनिटं उशिरा. त्यात ऋतूंचा फरक वेगळा: फेब्रुवारीच्या मध्यावर 12:51 च्या सुमारास, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:20 लाच.

मेच्या 8-9 तारखेला मध्यान्हीला उभी काठी रोवून बघ, सावली गायब. ऑगस्टमध्येही तो दिवस येतो, पण तेव्हा कोकणात सूर्य दिसतो कुणाला!