वाचकांचे प्रश्न : जमैकाचा गोलरक्षक अमेरिकेत का सापडतो?

प्रश्न : जमैका म्हटले की आम्हाला धावपटू आणि वेगवान गोलंदाज आठवतात. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार तीन वेळा मिळवणारा आंद्रे ब्लेक जमैकाचाच आहे, असे अलीकडे वाचनात आले. तिथले इतके फुटबॉलपटू इंग्लंडमध्ये खेळतात, मग गोलरक्षकांना अमेरिकेची वाट का धरावी लागते?

उत्तर : ब्लेकच्या आधी हाच पुरस्कार जमैकाच्याच डोनोव्हन रिकेट्सने 2010 आणि 2013 साली मिळवला होता. ब्लेकचे तीन पुरस्कार 2016, 2020 आणि 2022 चे. म्हणजे तेरा मोसमांतले पाच पुरस्कार जेमतेम अठ्ठावीस-तीस लाख वस्तीच्या एका बेटावरील दोघांनी नेले, आणि याचे श्रेय जितके त्यांच्या हातांना आहे तितकेच कागदपत्रांनाही आहे.

आधी इंग्लंडविषयी. आपण ज्या खेळाडूंचा उल्लेख करता, त्यांतील पुष्कळ जण जन्माने इंग्लंडचेच आहेत; आईवडील किंवा आजीआजोबा जमैकाचे असल्यामुळे ते जमैकाकडून खेळतात आणि ब्रिटिश पासपोर्ट खिशात असल्याने त्यांना कामाच्या परवान्याची गरजच पडत नाही. जमैकात जन्मलेल्या आणि तिथेच वाढलेल्या खेळाडूसाठी मात्र 2015 पर्यंत ढोबळमानाने असा नियम होता की त्याचा देश फिफाच्या क्रमवारीत पहिल्या सत्तरांत असावा आणि त्याने मागील दोन वर्षांत देशाच्या स्पर्धात्मक सामन्यांपैकी किमान 75 टक्के सामने खेळलेले असावेत. हा नियम गोलरक्षक सोडून इतर खेळाडूला एक वेळ झेपतो, कारण मैदानावर अशा दहा जागा असतात आणि बदली म्हणून उतरण्याचीही सोय असते. गोलरक्षकाची जागा एकच. देशाचा पहिल्या क्रमांकाचा गोलरक्षक नसलात, तर दुसऱ्या क्रमांकावर कितीही उत्तम असलात तरी ते 75 टक्के गाठणे जवळजवळ अशक्यच.

रिकेट्सने इंग्लंडचा प्रयत्न करून पाहिला होता. माँटेगो बेचा हा उंचापुरा गोलरक्षक बोल्टन वाँडरर्सकडे गेला, परंतु तिथे लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे ब्रॅडफर्ड सिटीकडे त्याला नियमित खेळायला मिळाले, पण तो संघ 2007 मध्ये तिसऱ्या श्रेणीतून चौथ्या श्रेणीत घसरला. लॉस एंजलिस गॅलेक्सीने 2009 मध्ये त्याला घेतले तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. पहिला पुरस्कार त्याने तेहेतिसाव्या वर्षी मिळवला आणि दुसरा, पोर्टलंड टिंबर्सकडून खेळताना, छत्तिसाव्या वर्षी. गोलरक्षक उशिरा पिकतो असे म्हणतात, ते खरे. पण रिकेट्सची उमेदीची वर्षे चुकीच्या दारांवर थापा मारण्यात गेली, असे मला वाटते.

ब्लेकला योग्य दार लवकर सापडले. तो क्लॅरेंडन परगण्यातील मे पेनचा, तिथल्या ग्लेनम्यूअर हायस्कूलचा विद्यार्थी. जमैकात शालेय फुटबॉलला जी गर्दी लोटते ती पुष्कळदा मोठ्यांच्या लीगलाही मिळत नाही. किंग्स्टन परिसरातील शाळांसाठी मॅनिंग कप आणि ग्रामीण शाळांसाठी डाकोस्टा कप या स्पर्धांच्या कडेला अमेरिकन विद्यापीठांचे प्रशिक्षक डोळे लावून असतात. कनेक्टिकट विद्यापीठाने ब्लेकला घेतले, तिथे तो तीन मोसम खेळला, आणि 2014 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे मेजर लीगचे क्लब नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्या निवडीत, फिलाडेल्फिया युनियनने डी. सी. युनायटेडशी अदलाबदल करून पहिला क्रमांक मिळवला, तो ब्लेकसाठी खर्च केला. ड्राफ्टमध्ये गोलरक्षक पहिल्या क्रमांकावर निवडला जाण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यानंतर मात्र हा पहिल्या क्रमांकाचा मानकरी दोन मोसम बहुतेक वेळ बाकावर बसून राहिला! क्लबने त्याच वर्षी अल्जीरियाचा अनुभवी राइस म्बोल्ही आणला होता. ब्लेकला जागा मिळाली ती 2016 मध्ये, आणि त्याच वर्षी त्याने पहिला पुरस्कार पटकावला.

प्रश्न : देशाकडून खेळताना त्याला असे यश मिळाले का?

उत्तर : यश हाताशी आले आणि हातानेच दगा दिला, असे म्हणावे लागेल. 2017 च्या गोल्ड कपमध्ये, म्हणजे उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांच्या अजिंक्यपद स्पर्धेत, तो जमैकाचा कर्णधार होता. उपांत्य सामन्यात मेक्सिकोचे फटके त्याने एकामागून एक परतवले आणि केमार लॉरेन्सच्या 88 व्या मिनिटाच्या फ्री किकवर जमैकाने 1-0 असा विजय मिळवला. अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध, अजून अर्धा तासही झालेला नसताना, त्याने जोझी अल्टिडोरचा दुरून आलेला फटका बाहेर ढकलला, सुटलेल्या चेंडूवर पुन्हा झेप घेतली, आणि धावत आलेल्या खेळाडूशी झालेल्या टकरीत त्याच्या हाताला जखम झाली. हातमोजा काढून तो बाहेर गेला. त्याच्या जागी स्वीडनमध्ये सिरियान्स्का क्लबकडून खेळलेला ड्वेन मिलर उभा राहिला. जमैकाने तो सामना 1-2 असा गमावला. स्पर्धेतील सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार मात्र ब्लेकलाच मिळाला.

क्लबकडूनही असेच घडले. 2022 च्या मेजर लीगच्या अंतिम सामन्यात फिलाडेल्फिया 3-2 असा पुढे असताना अतिरिक्त वेळेच्याही अखेरीस प्रतिस्पर्धी संघाच्या गॅरेथ बेलने डोक्याने बरोबरीचा गोल केला. पेनल्टीत ब्लेकने प्रतिस्पर्ध्यांचा पहिलाच फटका अडवला, पण त्याच्या स्वतःच्या संघाला एकही पेनल्टी साधता आली नाही.

प्रश्न : मायदेशी राहूनच मोठा झालेला गोलरक्षक कोणी आहे का?

उत्तर : वॉरेन बॅरेट. माँटेगो बेच्या व्हायोलेट किकर्सचा हा गोलरक्षक 1998 च्या विश्वचषकात जमैकाचा कर्णधार होता. अर्जेंटिनाकडून 0-5 असा पराभव झाल्यावर जपानविरुद्ध त्याच्या जागी ॲरन लॉरेन्सला उतरवण्यात आले, आणि जमैकाचा विश्वचषकातील एकमेव विजय, 2-1, लॉरेन्सच्या नावावर जमा झाला. तरीही जमैकात बॅरेटचे नाव निघते ते 16 नोव्हेंबर 1997 साठी. त्या दिवशी किंग्स्टनच्या नॅशनल स्टेडियमवर मेक्सिकोविरुद्धचा सामना 0-0 राहिला, तेवढा एक गुण पुरला, जमैका विश्वचषकात पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी सरकारने सार्वजनिक सुटी दिली. अठ्ठावीस वर्षांनी, 18 नोव्हेंबर 2025 रोजी, किंग्स्टनमध्येच क्युरासाओविरुद्ध जमैकाने पुन्हा एकही गोल होऊ दिला नाही. सामना पुन्हा 0-0 राहिला, परंतु या वेळी जमैकाला विजय हवा होता आणि विश्वचषकाचे थेट तिकीट क्युरासाओला मिळाले.