प्लाझा करार काय होता आणि तो यशस्वी ठरला का?

22 सप्टेंबर 1985 रोजी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात अमेरिका, जपान, पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटन यांच्या अर्थमंत्र्यांनी व मध्यवर्ती बँकांच्या प्रमुखांनी अवाजवी महागलेला डॉलर एकत्रितपणे खाली आणण्याचे ठरवले; कारण अमेरिकी निर्यातदारांचे कंबरडे मोडले होते आणि आयातीवर निर्बंध घालण्याची मागणी अमेरिकी काँग्रेसमध्ये जोर धरत होती. करारापूर्वी सुमारे 240 येनचा असलेला डॉलर 1987 च्या आरंभी 150 येनच्या आसपास उतरला, तेव्हा ही घसरण थोपवण्यासाठी फेब्रुवारीत पॅरिसला लूव्र करार करावा लागला. (डॉलर मुळात कराराच्या काही महिने आधीच उतरू लागला होता, त्यामुळे सारे श्रेय कराराला देणे मला पटत नाही.) विनिमयदरापुरता तो यशस्वी म्हणता येईल, जपानबरोबरची अमेरिकेची व्यापारी तूट मात्र त्याने मिटली नाही.