‘मिडल ग्रेड’ कादंबरीला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : इंग्रजीतल्या ‘मिडल ग्रेड नॉव्हेल’ या प्रकाराला मराठीत रूढ शब्द आहे का? ‘मध्यम श्रेणी कादंबरी’ हे भाषांतर चालेल का? आणि अशा कादंबऱ्या लिहिणाऱ्याला ‘बाललेखक’ म्हणावे की आणखी काही?

‘मध्यम श्रेणी’ आधी बाद करू. इथे ‘ग्रेड’ म्हणजे इयत्ता, प्रत नव्हे. मराठीत ‘मध्यम श्रेणीची कादंबरी’ म्हटले की ती बेताची असावी, असाच समज होईल, आणि आपल्या पुस्तकावर असा शिक्का कोणताही लेखक मारून घेणार नाही. इंग्रजी प्रकाशनव्यवहारात ही संज्ञा साधारण ८ ते १२ वर्षांच्या वाचकांसाठी वापरतात. अमेरिकेतल्या ‘मिडल स्कूल’शी तिचा थेट संबंध नाही, कारण ती शाळा बहुधा सहावी ते आठवीची असते आणि हा वाचक तिसरी-चौथीपासूनच सुरू होतो. चित्रांचा आधार सोडून सलग गद्य वाचू लागलेला, पण ‘यंग अडल्ट’ म्हणजे तेराच्या पुढच्या मुलांसाठीच्या पुस्तकांपर्यंत न पोहोचलेला, असा हा वाचक. कथानायक बहुतेकदा वाचकाच्याच वयाचा किंवा थोडा मोठा असतो. आर. जे. पॅलाशिओ यांच्या २०१२ सालच्या ‘वंडर’मधला मुलगा दहा वर्षांचा आहे आणि प्रथमच शाळेत जातो तो थेट पाचवीत.

मराठीत या वयासाठी तीन शब्द हाताशी आहेत : बाल, कुमार आणि किशोर. अडचण अशी की त्यांच्या सीमा कोणीच एकसारख्या आखलेल्या नाहीत. टीकाग्रंथांत उद्धृत होणाऱ्या एका संस्कृत श्लोकात ‘कौमारं पञ्चमाब्दान्तं पौगण्डं दशमावधि’ अशी वाटणी आहे. म्हणजे पाचापर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड आणि पुढे पंधरापर्यंत कैशोर. या हिशेबाने आपला वाचक पौगंड आणि किशोर यांच्या सीमेवर येतो. पण मराठीत ‘पौगंडावस्था’ हा शब्द मिसरूड फुटण्याच्या वयाकडे सरकला आहे, त्यामुळे ‘पौगंड कादंबरी’ असे मुखपृष्ठावर छापले तर पालक ते पुस्तक कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवतील. खेळाच्या मैदानावर तर क्रमच उलटा आहे. खो-खोत १४ वर्षांखालचा तो किशोर गट आणि १८ वर्षांखालचा तो कुमार गट. उलट, सरकारी आरोग्यविषयक मजकुरात ‘किशोरवयीन’ म्हणजे १० ते १९ वर्षांची मुले.

साहित्यव्यवहारात मात्र गोंधळ इतका नाही. ‘बालकुमार’ ही जोडी तिथे पक्की रुजलेली आहे. अखिल भारतीय मराठी बालकुमार साहित्य संमेलन याच नावाने भरते. या जोडीत ‘बाल’ म्हणजे ज्याला गोष्ट वाचून दाखवावी लागते तो आणि ‘कुमार’ म्हणजे जो स्वतः वाचतो तो, असा फरक अलिखितपणे मानला जातो. ‘किशोरवयीन’ शब्द रोजच्या बोलण्यातही तेरा-चौदाच्या पुढेच झुकतो. बालभारतीच्या १९७१ साली सुरू झालेल्या ‘किशोर’ मासिकाचे वाचक याहून बरेच लहानही असतात, हा आक्षेप मला मान्य आहे. पण ते एका मासिकाचे विशेषनाम आहे, वर्गवारी नव्हे. तेव्हा ‘मिडल ग्रेड’ला कुमारकादंबरी आणि ‘यंग अडल्ट’ला किशोरकादंबरी, अशी विभागणी करावी, असे माझे मत आहे.

हा प्रकार आपल्याकडे नावाच्या आधीपासून आहे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला येतो, सायकल दामटतो, ‘ट्टॉक्’ करतो आणि मोठ्यांच्या मदतीची वाट न पाहता भानगडीत उडी घेतो. घर आणि शाळा यांच्यापलीकडचे जग स्वतःच्या पायांनी धुंडाळणे, हीच कुमारकादंबरीची खरी खूण आहे. केवळ नायकाचे वय पाहून मात्र फसू नये. प्रकाश नारायण संतांचा लंपन शाळकरी मुलगाच आहे, पण ‘वनवास’ची वाक्ये ज्या हुरहुरीवर उभी आहेत, ती मागे वळून पाहणाऱ्या प्रौढ वाचकासाठी आहे. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’तली मुले नववीतली, तरी ती कुमारकादंबरी ठरत नाही.

आता लेखकाविषयी. ‘बाललेखक’ हा शब्द मी टाळीन, कारण ‘बाल’ने सुरू होणाऱ्या समासाचा विग्रह दोन तऱ्हांनी होतो. ‘बालसाहित्य’ म्हणजे बालांसाठीचे साहित्य. पण ‘बालकवी’ म्हणजे बालांसाठी लिहिणारा कवी नव्हे, तर वयाने लहान असलेला कवी. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना ही पदवी मिळाली १९०७ साली, जळगावच्या कविसंमेलनात, तेव्हा ते विशीतही पोहोचले नव्हते. हाच घोटाळा साहित्य अकादमीच्या पुरस्कारांतही दिसतो, आणि मला त्याची नेहमी गंमत वाटते : बाल साहित्य पुरस्कारातले ‘बाल’ वाचकाचे वय सांगते, तर युवा पुरस्कारातले ‘युवा’ लेखकाचे. म्हणून ‘कुमारलेखक’ म्हटले की शाळेच्या हस्तलिखितात लिहिणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो. ‘कुमारसाहित्यिक’ त्यातल्या त्यात बरा, कारण ‘बालसाहित्यिक’ या रूढ शब्दाच्या धर्तीवर तो लगेच कळतो. ‘कुमारकादंबरीकार’ व्याकरणाने निर्दोष असला तरी उच्चारताना जीभ अडखळते. वाक्यात जागा असेल तिथे ‘कुमारांसाठी लिहिणाऱ्या कादंबरीकार’ किंवा ‘लिहिणारे कादंबरीकार’ असे मोकळे लिहावे; त्यात लेखक स्त्री आहे की पुरुष, हेही आपोआप कळते.

शिवाय हे विशेषण पुस्तकाला लावणे लेखकाला लावण्यापेक्षा अधिक सुरक्षित आहे. जे. के. रोलिंग यांची हॅरी पॉटर मालिका १९९७ साली सुरू झाली, तेव्हा नायक अकरा वर्षांचा होत होता. शेवटच्या भागात तो सतरा वर्षांचा आहे. पहिले पुस्तक कुमारांचे, शेवटची किशोरांची, आणि लेखिका तीच.

लिहिताना ‘कुमार कादंबरी’ असे तोडू नये. सामासिक शब्द असल्याने ‘कुमारकादंबरी’ असे जोडून लिहावे. तोडून लिहिल्यास, विशेषतः मुखपृष्ठावर, ‘कुमार’ हे लेखकाचे नाव वाटण्याचा धोका आहे.